दुधाला नावं न ठेवणारा माणूस

दूध घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, किटलीकडे बघायचं, हे मला अक्षरं शिकायच्या आधी शिकवलं गेलं. ईटला आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची, खव्याची भट्टी होती. सकाळी आसपासच्या वस्त्यांवरून दूध यायचं, दुपारपर्यंत मोठ्या कढईत आटायचं आणि संध्याकाळी खवा गाडीत चढायचा. दुधात पाणी असलं की सरपण जास्त जळतं आणि खवा कमी पडतो. तो का कमी पडला हे ध्यानात येईपर्यंत पाणी घालणारा पाहुण्याच्या लग्नाला निघून गेलेला असतो. त्यामुळे संशय घेणं आमच्या घरात वाईट समजलं जात नसे. कढईइतकाच तोही धंद्याला लागायचा.

आबा दुधाचा एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेत, तो कसा ओघळतो ते बघत आणि मग जिभेवर ठेवत. तेवढ्यावरून ते सांगायचे, हिनं म्हशीची सरकी बंद केलीय, ह्यानं रात्रीचं दूध सकाळच्यात मिसळलंय. आणि सांगण्याची पद्धत अशी, की ऐकणाऱ्यानं चार दिवस तोंड दाखवू नये. "म्हशीला पाजायचं पाणी किटलीला पाजलंस व्हय रं?" हे त्यातलं सौम्य. चांगल्या दुधालाही ते नावं ठेवायचे. चांगलं म्हटलं की माणूस शेफारतो, असं त्यांचं मत होतं.

भट्टीत खिळ्याला एक लॅक्टोमीटरही टांगलेला असे. आम्ही त्याला नुसती काच म्हणायचो. फारच भांडण झालं तर ती काच दुधात सोडायची आणि आकडा दाखवायचा. आबांचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "ही काच येडी हाय," ते म्हणायचे. "पाणी घातलं की बुडती, त्यात मूठभर साखर टाकली की पुन्यांदा वर येती. दूध ऊन आसलं तर येगळंच सांगती. आन गाईच्या दुधात म्हशीचा आकडा हुडकला, तर बिचारी गाय चोर ठरती." मी ऐकायचे आणि विसरायचे. पुढे हे मला नोकरीत उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

लग्न होऊन मी धाराशिवला आले. काही वर्षांनी एका संस्थेच्या पाहणीत काम मिळालं. घरोघर जायचं आणि माणसांचं मन कसं आहे ते विचारायचं. गेल्या पंधरा दिवसांत उदास वाटलं का, झोप लागते का, कशात रस वाटतो का, आपण कुणाच्या कामाचे नाही असं मनात येतं का. कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा की रोज, यातलं एक निवडायचं. उत्तरांचे गुण टॅबवर आपोआप मोजले जायचे. बायकांना बायांनी विचारायचं, पुरुषांना पुरुषांनी. काही महिन्यांनी त्याच घरी जाऊन तेच प्रश्न पुन्हा. गुण एका रेघेच्या वर गेले, तर त्या माणसाला डॉक्टरकडे जाण्याची चिठ्ठी द्यायची.

माझा त्या गुणांवर पहिल्या आठवड्यातच संशय बसला. बेंबळीत एक सून माझ्याशी बोलत होती आणि तिची सासू शेजारी तांदूळ निवडत होती. सून प्रत्येक प्रश्नाला "न्हाय" म्हणाली. सासू सूप झटकायला बाहेर गेली, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "मगाचं सगळं खोडता येतंय का?" पुढच्या फेरीला वेगळाच घोळ. आधीच्या फेरीत ज्यांना चिठ्ठ्या मिळाल्या होत्या, त्या बायकांना गल्लीनं "डोक्याची चिठ्ठी" असं नाव पाडलं होतं. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? एकीनं मी चप्पल काढायच्या आतच सांगितलं, "सगळ्याला न्हाय लिव आन च्या घे." ऑफिसात मात्र आनंद, की बायकांची तब्येत सुधारतेय.

पुरुषांची तर झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या सोबतचा एक जण त्यांना हॉटेलात नाहीतर पारावर गाठायचा. चार माणसांत विचारायचं, रडू येतं का? सगळं हॉटेल हसायचं आणि विचारलेला माणूस सगळ्यांत मोठ्यानं. उत्तर ठरलेलं: आपलं सगळं बेस हाय. घरी तोच माणूस ताट भिरकावतो, महिना महिना कुणाशी धड बोलत नाही, रानात जातो म्हणून निघतो आणि एसटी स्टँडवर बसून राहतो. हे विचारणारा प्रश्न आमच्या यादीत नव्हता. मी एकदा मीटिंगमध्ये म्हटलं, ही म्हशीची काच आहे आणि आपण ती गाईलाही लावतोय. साहेबांनी मान डोलावली आणि पुढच्या गावाची गाडी किती वाजता निघणार ते विचारलं.

याच सुमाराला आबांनी भट्टी बंद केली. कारण काही विशेष नव्हतं. डेअरीच्या गाड्या वस्त्यांवर जाऊन दूध उचलू लागल्या होत्या हे खरं, पण धंदा बुडाला नव्हता. आबा म्हणाले, "कटाळा आला." कढई विकली, म्हैस विकली, घरापुरतं दूध शेजारणीकडून घेऊ लागले. लोक म्हणाले, बरं झालं, आता आराम करा. मीही तेच म्हणाले.

मला खटकलं ते नंतर. आबा गोड झाले होते. फोनवर "बरं हाय, तू कशी हायेस" एवढं मऊ बोलायचे. शेजारीण दूध घालायला यायची, तिला "ठिव बाय" म्हणायचे. भाजीत मीठ नसलं तर आळणीच जेवायचे. माझ्या नवऱ्याला वाटलं, सासरे म्हातारपणी शांत झाले. मला शांतता वाटेना. जो माणूस देवाच्या नैवेद्यालाही खोट काढायचा, तो आळणी आमटी मुकाट्यानं खातो म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

मग ते वस्तू वाटायला लागले. उलथणी कुणाला तरी दिली, तराजू भाच्याला दिला. दिवाळीला मी गेले तेव्हा खिळ्यावरची काच काढून, फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली. "तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. मला आता काय करायची?" मी हसून म्हटलं, तुमचा तर हिच्यावर विश्वास नव्हता. त्यांनी पिशवीला गाठ मारली. मी लोकांना ज्या कामासाठी दारोदार विचारत फिरत होते, त्यात हे आम्हाला शिकवलेलं होतं, की माणूस आपल्या वस्तूंची अशी वाटणी करायला लागला तर सावध व्हायचं. एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि मला भीती वाटली. आबा जायच्या तयारीत आहेत, अशी सरळ भीती. धाराशिवला पोचल्यावर मी ती काच कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिली. ती समोर दिसायला नको होती.

पुढच्या खेपेला मी त्यांना विचारलं. विचारणं हेच माझं काम, आडून आडून विचारलं, मग उघड विचारलं. "मला काय धाड भरलीया?" एवढंच उत्तर. त्यांना डॉक्टरकडे नेते म्हटल्यावर ते इतके दुखावले की दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आईनं मला खुणेनंच गप्प केलं. आईचं अंथरूण तेव्हा दाराच्या उंबऱ्यालगत आडवं पडलेलं मी पाहिलं. विचारलं तर म्हणाली, "हितं वारं लागतंय." थंडीचे दिवस होते.

आणि मग आमच्या पाहणीत ईटचं नाव निघालं. आपल्या नातेवाइकांना आपण विचारायचं नाही असा नियम होता, म्हणून माझ्याऐवजी दुसरी बाई आईकडे गेली. आबांना पारावर गाठणारा नेहमीचाच. दोन दिवसांनी आईचा फोन आला. "मला चिठ्ठी दिलीया," ती म्हणाली. "डाक्टरकडं कवा न्यायचीस?"

तिच्या आवाजात उत्साह होता. बाकीच्या बायका चिठ्ठी पदराखाली दडवतात, चुलीत घालतात, आणि ही नवी साडी मिळाल्यासारखी सांगत होती. मी विचारलं, आबांना दिली का? "त्यांचं समदं बेस निघालं," ती म्हणाली.

मी तिला धाराशिवला घेऊन आले. मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनीही जवळपास आमचेच प्रश्न विचारले. आई घडाघडा उत्तरं देत होती. झोप न्हाय. भाकरी कुस्करायची आन तशीच ठिवायची. कुणी आलं तर नको वाटतंय. आंघोळीला दोन-दोनदा हाक मारावी लागती.

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या आणि मी आईकडे बघत होते. आंघोळीला हाक? आमच्या घरात सगळ्यांच्या आधी आंघोळ तिची. तिला हाक मारणारं तिच्याआधी उठलंय कोण? पण ती थकलेली दिसत होती हेही खरं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी मनात म्हटलं, माझा संशय आता रोगच झालाय, आईवरही यायला लागला. गोळ्या घेतल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, सुरुवातीला तोंडाला कोरड पडेल, सकाळी जरा गुंगी वाटेल, घाबरू नका, मधेच बंद करू नका.

आईला ना कोरड पडली ना गुंगी आली. फोनवर ती टवटवीत बोलायची. मी दोन आठवड्यांनी गेले, तर आबा ओट्यावर बसलेले आणि शेजारी पाण्याचा तांब्या. बोलता बोलता घोट घ्यायचे, पुन्हा घ्यायचे. सकाळी उन्ह वर आलं तरी जांभया देत होते. आई चुलीशी गुणगुणत होती. महिन्यानं आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो तेव्हा तेच प्रश्न झाले आणि तिचे गुण खाली आले. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी खाली. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मलाही वाटायचं की खूश व्हावं, पण जमेना. लहानपणी पाहिलेल्या किटल्या आठवायच्या. आकडा फारच सरळ सुधारायला लागला की आबा किटलीच्या तळाशी बोट घालून बघायचे, साखर आहे का.

त्यानंतर मी एका शनिवारी न कळवता ईटला गेले. मागच्या दारानं आत आले तर आई खलबत्त्यात वेलदोडे कुटत होती. वेलदोड्याचा वास येत होता आणि बत्त्याखाली पांढरी पूड दिसत होती. तिनं ती पेल्यातल्या दुधात टाकली, ढवळली, आणि मागं वळली तर मी उभी.

पेला तिनं ठेवला नाही. आधी तो ओट्यावर आबांना देऊन आली, मग माझ्यासमोर बसली.

"पहिल्यापास्नं?" मी विचारलं.

"पहिल्या दिसापास्नं."

"अगं, पण गोळ्या तुझ्या. तपासलं तुला."

"मला कुठं तपासलं?" आई म्हणाली. "ती बाई इचारत हुती, झोप लागती का, जेवू वाटतंय का, जगून काय उपेग आसं वाटतंय का. आन मला समोर ह्येच दिसत हुते. म्या त्यांचंच सांगितलं. त्यांना इचारलं तर त्ये सांगणार हायेत व्हय? कुणीतरी सांगाया पायजे का नगं? मग डाक्टरीणबाईला बी त्यांचंच सांगितलं. दर खेपंला त्यांच्याकडं बघून जायची आन तसं सांगायची. एक लबाडी न्हाय केली."

तिचं खरं होतं. उत्तरं बरोबर होती, उतरलेले गुण बरोबर होते, माणूस तेवढा दुसरा होता. आमच्या सगळ्या पाहणीत एका पुरुषाचं मन कुणी नीट मोजलं असेल, तर ते माझ्या आईनं, आणि तेही बाईच्या रकान्यात. मला हसू आलं आणि त्याच दमात तिचा संताप आला. आबांना रक्तदाबाची गोळी चालू होती. काही झालं असतं तर?

"झालं असतंच," ती म्हणाली. "न दिल्यावं बी झालं असतं. ह्या दाराशी म्या काय हौसनं निजत हुते?"

तेव्हा ती रडली. आबांना सांगू नको म्हणाली. कळलं की ते पेला फेकून देतील, मला येडा ठरवता का म्हणतील, आणि पुन्हा तसेच होतील. "आता कुठं आमटीत मीठ न्हाय म्हणलेत," ती म्हणाली. "परवाच्या दिशी म्हणलेत."

सोमवारी मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या चिडल्या आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. न तपासता, न विचारता, दुसऱ्या गोळीसोबत. मी विचारलं, बंद करायला सांगू का? "एकदम बंदही करायची नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना इथं घेऊन या. या आठवड्यात." म्हणजे आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. सांगावं तर आबा बिथरणार, न सांगावं तर ते यायचे कसे?

गाडीत बसून हाच विचार करत ईटला चालले होते आणि वाटेत, भूमच्या अलीकडे कुठंतरी, मला वेलदोडा आठवला. आबांना दुधात वेलदोडा चालायचा नाही. "दुधाची लाज झाकायला वेलदोडा," असं ते म्हणायचे. चहातसुद्धा घालू द्यायचे नाहीत. म्हशीनं काल काय खाल्लं ते थेंबावरून ओळखणारी जीभ, आणि तिला कुटलेली कडू गोळी कळत नव्हती? इतके दिवस? मी इतकी संशयी, आणि नेमका हाच संशय मला आला नव्हता.

सकाळी आईनं पेला नेऊन दिल्यावर मी आबांशेजारी जाऊन बसले. जुन्या भट्टीची शेड समोर होती, तिच्यात आता शेजाऱ्याच्या शेळ्या बांधलेल्या. आबांनी दूध संपवलं, मिशी पुसली.

"दूध कसं हाय, आबा?" मी विचारलं.

"बेस हाय की."

"तुमी जन्मात कुठल्या दुधाला बेस म्हणला न्हाईत."

आबांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं एकदा पाहिलं आणि आवाज बारीक करून म्हणाले, "तुला बी कळलं म्हन की."

"तुमाला कवा कळलं?"

"पैल्या दिशीच. कडू जहर. वर वेलदोडा. मला काय दुधातलं शिकवती ती?"

"मग पिता कशाला?"

"ती रातची झोपत न्हवती," आबा म्हणाले. "दाराशी आडवी पडायची आन जागी. म्या कूस बदलली तरी उठून बसायची. ह्ये प्यालो की झोपाय लागली. म्हणलं, ऱ्हाऊ दे, हिला बरं वाटतंय तर पितो."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. किटलीकडे बघायचं, तोंडाकडे नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. मला काही नाही, बायकोसाठी करतो, हे उत्तर पुरुष देतात, असं मी पारावर विचारणाऱ्या माझ्या सोबत्याकडून शंभरदा ऐकलं होतं. हे खरं की हीसुद्धा साखर, ते मला कळेना. आजही पुरतं कळलेलं नाही. दोन्ही खरं असू शकतं एवढंच मी आता मान्य करते. पण त्या क्षणी मी त्यांचं बोलणं त्यांच्यावरच उलटवलं.

"मग आईसाठीच धाराशिवला चला," मी म्हटलं. "डाक्टरीणबाई म्हणत्यात, तिच्या घरच्या माणसाशी बोलायचंय."

आबा तयार झाले. फेटा बांधला, आईच्या शेजारी एसटीत बसले आणि आईनं मला दहादा डोळ्यानं विचारलं की तू यांना काय सांगितलंस. मी खिडकीबाहेर बघत होते.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना बाहेर बसवलं. आई बाकावर पदराचं टोक पिळत होती. "काय सांगत आसतील?" ती पुन्हा पुन्हा विचारायची. मला काय माहीत? दारोदार मी दुसऱ्यांची उत्तरं काढली आणि ज्या एका माणसाचं उत्तर मला हवं होतं त्याच्या दाराबाहेर बसले होते. आत बराच वेळ गेला. एकदा आबांचा आवाज चढल्यासारखा वाटला, मग कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. आई म्हणाली, "म्या जाऊन बसते. त्यांना सांगता येणार न्हाय, म्या सांगते." मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

आबा बाहेर आले तेव्हा फेटा काखेत होता आणि डोळे लाल होते. हातात स्वतःच्या नावाचा कागद होता. ते आईसमोर उभे राहिले.

"उद्यापास्नं दुधात काय कालवू नगंस," ते म्हणाले. "म्या पाण्यासंगं घीन."

आईच्या हातून पदराचं टोक सुटलं. "तुमाला ठावं हुतं?" ती म्हणाली. "मग बोलला का न्हाय?"

"दुधाला नावं ठिवली आसती, तर आमटीत घातलं आसतंस. आमटी बी गेली आसती."

आई हसली नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि दवाखान्याच्या त्या गर्दीत, लोकांसमोर, आबांच्या धोतराचा सोगा मुठीत धरून बसून राहिली. आबा लाजले. पण त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी पाहणीची पुढची फेरी ईटला गेली. आबांनी पारावरचा तो कार्यक्रम नाकारला आणि विचारणाऱ्या मुलाला घरी ओट्यावर बोलावलं. त्या दिवशी मला फोन आला तो आबांचा. "मला बी चिठ्ठी मिळाली," ते म्हणाले. "तुझ्या आईला न्हाय दिली औंदा." स्वतःचं खरंखुरं उत्तर त्यांनी पहिल्यांदाच दिलं होतं आणि गुण रेघेच्या वर गेले होते. महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, ईटमध्ये बायकांचं सुधारलंय, पण पुरुषांचं जरा बिघडलेलं दिसतंय. मी मान खाली घालून चहा प्याले. कुणाकुणाला काय सांगणार? माझा बाप बरा व्हायला लागला होता आणि कागदावर पहिल्यांदाच आजारी पडला होता.

तरीही माझी खात्री होत नव्हती. चिठ्ठीवर विश्वास नव्हता, डॉक्टरीणबाईंच्या समाधानावर नव्हता, फोनवरच्या आबांच्या आवाजावर तर नव्हताच. ईटला गेले की मी आधी उंबऱ्याकडे बघायचे. आईचं अंथरूण तिथून हललं होतं, आतल्या खोलीत जुन्या जागी गेलं होतं. तो आकडा मला त्यातल्या त्यात बरा वाटायचा. पण अंथरूण तर मी येणार म्हणूनही हलवता येतं.

मागच्या उन्हाळ्यात मी सकाळीच पोचले. शेजारीण दूध घेऊन आली होती. आबा ओट्यावर होते. तिनं पातेल्यात दूध ओतलं आणि ती निघणार एवढ्यात आबांनी बोट बुडवून एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला. उन्हाकडे नख धरून बघितलं. जिभेवर ठेवला.

"थांब," ते म्हणाले. "किटलीला पाणी पाजून आणलीस व्हय?"

शेजारीण तोंडात मारल्यासारखी उभी राहिली. मग तिनं देवाच्या, लेकराच्या शपथा घेतल्या. आई आतून धावत आली आणि म्हणाली, "आवं, शेजारपाजार हाय, काय बोलता?" आबा ऐकेनात. गेल्या आठवड्यापासून पाणी आहे, सरकी बंद केलीय, आणि परवाचं दूध तर शिळं होतं, असा सगळा हिशेब त्यांनी तिच्यासमोर मांडला. शेजारीणही काही कमी नव्हती. तीही भांडायला लागली, गल्लीतली दोन दारं उघडली, आणि मी जिन्याच्या पायरीवर बसून रडले. आनंदानंच रडले, दुसरं नाव नाही त्याला.

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, मी भांडणाला घाबरले.

"तू रडाय काय झालं?" ते म्हणाले. "माझी ती काच तुझ्याकडं हाय न्हवं? फुडच्या खेपंला माघारी घिऊन ये. हिला आकडाच दावतो."

दुसऱ्याच दिवशी धाराशिवला जाऊन मी कपाट उघडलं. साड्यांच्या खालून ती काढली, फडकं सोडून उजेडात धरून बघितली, कुठं तडा गेला नव्हता. पुढच्या खेपेपर्यंत मला थांबवेना. दुपारच्याच गाडीनं परत ईटला नेऊन दिली.